ॲप बदलताना स्क्रीन लुकलुकते? ड्रायव्हरला हात लावण्याआधी या चुका टाळा

ऑल्ट+टॅब दाबलं की क्षणभर स्क्रीन काळी पडते. किंवा आधीच्या विंडोचा तुकडा नव्या विंडोवर तसाच चिकटून राहतो. नाहीतर सगळा डेस्कटॉप दोन-तीनदा लुकलुकतो आणि मग काही झालंच नाही अशा थाटात शांत बसतो. यावर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे ‘ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) अपडेट करा’. कधीकधी तो लागूही पडतो. पण या लक्षणामागे पाच-सहा वेगवेगळी कारणं असतात, त्यातली काही तर बिघाडच नसतात, आणि न बघता केलेल्या दुरुस्तीने मूळ कारण हाती लागायचं राहून जातं.

आधी पडद्यामागे काय चालतं ते थोडक्यात. आजच्या संगणकावर ॲप सहसा थेट स्क्रीनवर चित्र काढत नाही. प्रत्येक विंडो आपलं चित्र मेमरीत वेगळ्या जागी तयार ठेवते आणि ती सगळी चित्रं एकमेकांवर रचून अंतिम दृश्य बनवायचं काम एक वेगळी प्रक्रिया करते. विंडोजमध्ये तिचं नाव डेस्कटॉप विंडो मॅनेजर. ती व्हिस्टापासून आहे आणि विंडोज ८पासून ती बंदही करता येत नाही. मॅकवर हे काम विंडोसर्व्हर करतो, लिनक्सवर कंपोझिटर. मात्र गेम किंवा व्हिडिओने पूर्ण स्क्रीन व्यापली की वेगासाठी हा मधला टप्पा बऱ्याचदा वगळला जातो आणि त्याचं चित्र सरळ मॉनिटरकडे जातं. तुम्ही दुसऱ्या ॲपवर गेलात की ताबा पुन्हा मॅनेजरकडे. बहुतेक गडबड या हस्तांतराच्या क्षणी होते. त्यामुळे ‘काय दिसतं’ याच्याइतकंच ‘कुठून कुठे जाताना दिसतं’ हे महत्त्वाचं.

चूक: न बघता बदल करत सुटणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबू. काहीही बदलण्याआधी तीन तपासण्या करून घ्या, त्यांना मोजकी मिनिटं लागतात.

पहिली टास्क मॅनेजरची. कंट्रोल+शिफ्ट+एस्केप दाबून तो उघडा आणि स्क्रीन लुकलुकताना त्याच्याकडे बघा. बाकी सगळ्यासोबत तोही लुकलुकत असेल तर संशय ड्रायव्हरवर. तो स्थिर आणि बाकीचं थरथरतंय, तर बहुधा एखादं ॲप विंडोजशी जुळत नाहीये. खुद्द मायक्रोसॉफ्ट हीच कसोटी सांगते, तरी ती करून बघणारे थोडेच.

दुसरी स्क्रीनशॉटची. डाग, रेघा किंवा अडकलेला तुकडा समोर असतानाच स्क्रीनशॉट घ्या आणि नंतर उघडून बघा. दोष चित्रातही उतरला असेल तर तो चित्र तयार होतानाच शिरलाय, म्हणजे ॲप, ड्रायव्हर किंवा ग्राफिक्स कार्ड. फोनने काढलेल्या फोटोत दिसतो पण स्क्रीनशॉटमध्ये नाही, तर तो त्यापुढच्या टप्प्यावरचा, म्हणजे बहुधा केबल किंवा मॉनिटर. पण स्क्रीनशॉट स्वच्छ आला म्हणून लगेच केबल विकत घ्यायला निघू नका. ओव्हरलेमधला, म्हणजे चित्रावर वेगळ्याने बसवलेल्या थरातला, दोषही स्क्रीनशॉटमध्ये बहुधा येत नाही. त्याबद्दल पुढे.

तिसरी तपासणी जोडीची. फक्त ब्राउझरमधून गेमकडे जातानाच होतं का? दोन साध्या विंडोंमध्ये होतं का? एकाच मॉनिटरवर होतं का? आणि संगणक सुरू होताना, विंडोज यायच्या आधी, बायोसच्या (संगणकाच्या सुरुवातीच्या सेटिंगांच्या) स्क्रीनवरही रेघा दिसत असतील तर सॉफ्टवेअरमध्ये वेळ घालवण्यात अर्थ नाही.

एका वेळी एकच बदल करायचा आणि तो लिहून ठेवायचा, हेही याच चुकीतलं. पाच गोष्टी एकदम बदलून लुकलुक थांबली तर चार सेटिंगं उगाच बिघडवलेली राहतात.

चूक: नेहमीच्या वागण्याला बिघाड समजणं

जुना गेम ‘फुलस्क्रीन’मध्ये चालतो तेव्हा तो मॉनिटरचं रिझोल्यूशन किंवा रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं ते) स्वतःला हवा तसा करून घेऊ शकतो. त्यातून बाहेर पडलात की मॉनिटर नव्या सिग्नलशी जुळवून घेतो आणि त्यात सेकंदभर काळोख होतो. यात बिघडलेलं काही नाही. गेममध्ये ‘बॉर्डरलेस’ किंवा ‘विंडोड फुलस्क्रीन’ निवडा, काळोख जातो.

एचडीआरचंही (उजेड-अंधाराचा जास्त आवाका दाखवणारी सोय) तसंच. ॲपने एचडीआर चालू-बंद केलं की मॉनिटर एक डुलकी घेतो. काही लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतात आणि पडद्याची जोडणी एका चिपवरून दुसरीवर वळवता येते. ती वळताना स्क्रीन क्षणभर गोठते.

आणि हा प्रकार तर हमखास फसवतो: गडद रंगाच्या ॲपमधून पांढऱ्याशुभ्र पानावर गेलं की एक-दोन सेकंदांत स्क्रीनचा उजेड हळूच बदलतो. लोक पॅनेल गेलं म्हणून घाबरतात. बॅटरी वाचवण्यासाठी दृश्याप्रमाणे उजेड कमी-जास्त करणारी ती सोय असते. विंडोज ११मध्ये डिस्प्लेच्या सेटिंगात ब्राइटनेसखाली ‘चेंज ब्राइटनेस बेस्ड ऑन कंटेंट’ असा पर्याय दिसला तर तो बंद करून बघा. इंटेलच्या ग्राफिक्स ॲपमध्येही अशी वीज वाचवणारी सेटिंगं असतात.

चूक: हार्डवेअर ॲक्सेलरेशन सगळीकडे कायमचं बंद करणं

ब्राउझरवर परत आल्यावर पान काळं किंवा पांढरं दिसतं, माउस फिरवला की तुकड्यातुकड्याने भरतं, असं असेल तर ॲक्सेलरेशनवर, म्हणजे चित्र काढायचं काम ग्राफिक्स चिपकडे सोपवण्यावर, संशय घेणं योग्यच. क्रोममध्ये सेटिंग्जमधल्या सिस्टिम विभागात ‘यूज ग्राफिक्स ॲक्सेलरेशन व्हेन अव्हेलेबल’ हे बटण आहे. ते बंद करून ब्राउझर पुन्हा सुरू करा. दोष गेला तर कारण सापडलं, इतकंच. ते कायम बंद ठेवलंत तर व्हिडिओ उलगडण्यापासून सगळं काम प्रोसेसरवर पडतं, पंखा घोंघावतो आणि बॅटरी लवकर संपते. त्यामुळे तात्पुरतं, आणि त्रास देणाऱ्या ॲपपुरतंच बंद ठेवा. ड्रायव्हर किंवा ब्राउझरची पुढची आवृत्ती आली की पुन्हा चालू करून बघा.

निरोप पाठवायची, कोड लिहायची, टिपणं ठेवायची कितीतरी ॲप्स इलेक्ट्रॉन या साच्यावर बनलेली असतात, म्हणजे त्यांच्या पोटात क्रोमियमच, क्रोम ज्यावर उभं आहे तेच ब्राउझर, असतं. म्हणून ब्राउझर आणि चॅटचं ॲप एकाच दिवशी सारखंच वागू लागलं तर दोन वेगळे बिघाड शोधू नका.

चूक: ड्रायव्हर फक्त पुढेच नेणं

गडबड ड्रायव्हर अपडेटनंतर सुरू झाली असेल तर आणखी अपडेट शोधण्याआधी मागे जा. डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले अडॅप्टर्स, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, ‘रोल बॅक ड्रायव्हर’. बटण फिकट दिसत असेल तर जुनी प्रत जपलेली नाही. मग कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून आधीची आवृत्ती घ्यावी लागेल. लॅपटॉप असेल तर आधी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने दिलेली आवृत्ती लावून बघा. ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर’ म्हणणाऱ्या साधनांपासून चार हात लांब राहिलेलं बरं, हे माझं स्पष्ट मत.

ड्रायव्हरवरचा संशय पक्का करायला सेफ मोड आहेच. तिथे विंडोज स्वतःचा साधा डिस्प्ले ड्रायव्हर वापरते. तिथे सगळं स्वच्छ दिसलं तर मॉनिटर आणि केबल बहुतांशी सुटले. काम चालू असताना चित्र अडकून पडलं तर विंडोज+कंट्रोल+शिफ्ट+बी दाबा. स्क्रीन एकदा मिटते आणि ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघडी कामं सहसा तशीच राहतात.

विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ‘डिस्प्ले’च्या नावाने ४१०१ क्रमांकाची नोंद दिसते का तेही बघा. ग्राफिक्स चिपने ठरलेल्या वेळात, मूळ सेटिंगनुसार २ सेकंदांत, उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करते आणि ही नोंद पडते. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंगांच्या साठ्यात, जाऊन ही मुदत वाढवण्याचा उपाय बराच फिरतो. त्याने चिप अडकायची थांबत नाही, फक्त ती अडकलेली तुम्हाला जास्त वेळ बघावी लागते. ओव्हरक्लॉक केलं असेल, म्हणजे चिप ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवत असाल, तर आधी ते मूळ पदावर आणा.

चूक: रजिस्ट्रीचे नुस्खे डोळे झाकून चिकटवणं

त्यातला सगळ्यात गाजलेला मल्टिप्लेन ओव्हरले, म्हणजे एमपीओ, बंद करायचा. व्हिडिओ किंवा गेमचा थर डेस्कटॉप विंडो मॅनेजरने न रचता डिस्प्लेच्या हार्डवेअरनेच वरून बसवायचा, ही त्यामागची कल्पना. वीज वाचते, विलंब कमी होतो. पण काही ड्रायव्हर आणि मॉनिटरांच्या जोडीत ॲप बदलताना याच थरामुळे लुकलुक होते. स्क्रीनशॉट स्वच्छ, एका कोपऱ्यात व्हिडिओ चालू, आणि विंडो बदलली की झटका, असं असेल तरच हा उपाय करून बघण्याजोगा. त्याआधी रजिस्ट्रीची प्रत काढून ठेवा, आणि फरक पडला नाही तर बदल उलटा करा. हे दुसरं काम बहुतेक जण विसरतात.

रजिस्ट्रीपर्यंत न जाता बघण्याजोगी दोन साधी कारणं: गेमवर तरंगणारे चॅट आणि रेकॉर्डिंगचे ओव्हरले, आणि वॉलपेपरचा स्लाइडशो चालू असताना ॲक्सेंट रंग (बटणं-मेनूंचा ठळक रंग) आपोआप निवडायची सेटिंग. ही दुसरी जोडी विंडोज १०मध्ये स्क्रीन लुकलुकवते हे वाचून हसू येईल, पण ते खरं आहे.

दोन मॉनिटर असतील तर

एक ६० हर्ट्झ आणि दुसरा १४४ असेल तर तपासणीपुरते दोन्ही ६०वर आणा. जी-सिंक किंवा फ्रीसिंकमुळे (मॉनिटरचा रिफ्रेश रेट ग्राफिक्स कार्डाशी जुळवणाऱ्या सोयी) उजेड थरथरत असेल, तर एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ते ‘विंडोड’ ॲप्ससाठी चालू आहे का बघा आणि फक्त फुलस्क्रीनपुरतं ठेवा. विंडो एका मॉनिटरवरून दुसऱ्यावर नेली की अक्षरं धूसर होतात, हा वेगळाच मामला: दोन्हींचं स्केलिंग (अक्षरं किती मोठी दाखवायची ते) वेगळं असतं आणि जुन्या ॲपला ते झेपत नाही. ॲप बंद करून दुसऱ्या मॉनिटरवर उघडलं तर कधीकधी सुधारतं.

मॅक आणि लिनक्स

दोन ग्राफिक्स चिप असलेल्या इंटेल मॅकबुक प्रोवर ‘ऑटोमॅटिक ग्राफिक्स स्विचिंग’ बंद करून बघता येतं. ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या मॅकवर हा प्रश्नच नाही. लिनक्सवर चित्र स्क्रीनवर आणायच्या दोन पद्धती आहेत, वेलँड आणि जुनी एक्स११. लॉगिनच्या वेळी दोन्ही पर्याय मिळत असतील तर सत्र बदलून एकदा ही, एकदा ती वापरून बघा. दोष एकातच असेल तर शोध निम्म्यावर येतो. एनव्हिडियाचं कार्ड आणि वेलँड या जोडीत जुन्या ॲप्सच्या विंडो लुकलुकत असतील तर ड्रायव्हरची आवृत्ती तपासा. २०२४मध्ये आलेल्या ५५५ मालिकेत एक्सप्लिसिट सिंकचा, म्हणजे चित्र पूर्ण झाल्याचं स्पष्ट कळवण्याच्या पद्धतीचा, आधार मिळाला आणि या तक्रारीचं मुख्य कारण गेलं. मात्र एक्सवेलँड (जुनी एक्स११ ॲप्स वेलँडवर चालवणारा भाग) आणि कंपोझिटरही तितकेच नवे हवेत, एकटा ड्रायव्हर नवा करून भागत नाही.