कार्निव्होरा म्हटलं की सगळे मांसाहारी? या चुका टाळा

परवा भाचीच्या प्रोजेक्टचा चार्ट बघितला, वर मोठ्या अक्षरात ‘कार्निव्होरा’ आणि खाली वाघ, मगर, घार, शार्क. ही चूक इतके जण करतात की लिहावंसंच वाटलं. कार्निव्होर म्हणजे मांस खाणारा कुणीही, त्यात मगर आली, घारही आली, पण कार्निव्होरा हे सस्तन प्राण्यांच्या एका गणाचं, म्हणजे एकाच पूर्वजापासून आलेल्या मोठ्या गटाचं नाव आहे. ते आडनावासारखं समजा, सुतार आडनावाचा माणूस बँकेत असतोच की! पांडा आयुष्यभर बांबू खातो तरी कार्निव्होराच, आपलं अस्वल वाळवी, मध, मोहाची फुलं खातं तेही कार्निव्होराच, उदमांजर फळांवर ताव मारतं तेही. सील आणि वॉलरससुद्धा यातच.

मग ओळखायचं कसं? आहार बघू नका, दात बघा. घरी कुत्रं असेल तर त्याला हाड देऊन नीट बघा, ते मान वाकडी करून हाड गालाच्या बाजूला नेतं आणि तिथे कडाकडा चावतं, कारण तिथे वरची चौथी उपदाढ आणि खालची पहिली दाढ कात्रीच्या पात्यांसारखी एकमेकांवर घासते. ही जोडी या गणाची खूण. पांडा-अस्वलात ती बोथट होत गेलीय, सीलमध्ये तर उरलीच नाही, पण पूर्वज तेच. आणि तरसाला कुत्र्याच्या गटात टाकू नका, दिसायला कुत्र्यासारखं असलं तरी ते मांजर-मुंगसाच्या शाखेतलं आहे.

कार्निव्होरा हे नाव स्वीडनच्या लिनियसने, म्हणजे सजीवांच्या वर्गीकरणाची पद्धत घालून देणाऱ्या शास्त्रज्ञाने दिलं असंही लिहितात. त्याने 1758 मध्ये ‘फेरी’ म्हणजे रानटी जनावरं असा गट केला होता, कार्निव्होरा हे नाव बाउडिच या इंग्रज निसर्ग अभ्यासकाने 1821 मध्ये दिलं.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. लॅटिनमध्ये ‘कारो’ म्हणजे मांस आणि ‘वोरारे’ म्हणजे अधाशासारखं गिळणं. आपल्याकडे संस्कृतात क्रव्याद आहे, कच्चं मांस खाणारा, त्यामुळे क्रव्य आणि कारो एकच असं लोक ठोकून देतात. तसं नाहीये, क्रव्यचा नातेवाईक लॅटिनमधला ‘क्रुओर’, म्हणजे सांडलेलं रक्त, आणि कारोचं मूळ ‘कापणे’ या अर्थाच्या धातूत, म्हणजे कापून काढलेला तुकडा. खरं नातं दुसऱ्या अर्ध्यात आहे, वोरारे आणि संस्कृत ‘गिरति’ एकाच मुळातले, आणि त्या गिरतिवरून आलेलं आपलं रोजचं ‘गिळणे’.