तलावाच्या काठावरचे नेतृत्व : प्रशिक्षकाने शैली कशी निवडावी

ठाण्याच्या मारोतराव शिंदे तरणतलावावर नवी तुकडी हाती घेणाऱ्या प्रशिक्षकाने आरंभी सूचना थोडक्या व ठाम ठेवाव्यात, कारण पाण्यातल्या मुलाला लांबलचक स्पष्टीकरण ऐकूच येत नाही. कठोरपणाला मात्र हेतू हवा. नुसते ओरडणे म्हणजे शिस्त नव्हे, हे काही पालकांनाही सांगावे लागते. अमेरिकन प्रशिक्षक बॉब बोमन यांनी आपला जलतरणपटू मायकेल फेल्प्सला सरावात मुद्दाम अडचणींना तोंड द्यायला लावले आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये, २०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम शर्यतीत गॉगलमध्ये पाणी शिरल्यावरही, त्याने स्ट्रोक (हातांचे फटके) मोजत सुवर्णपदक जिंकले. जलतरणपटू पंधरा-सोळा वर्षांचा झाला, की सरावाचा आराखडा त्याच्यासमोर मांडावा, झोप, थकवा व परीक्षा यांविषयी विचारावे आणि त्यानुसार पोहण्याचे अंतर बदलावे.