चार माइकवर तीन मोरांची दिशा कशी काढायची

आमचं रान पाटोदा तालुक्यात, नायगावचं मयूर अभयारण्य जवळच. पावसाळ्यात पहाटं तीन-चार मोर एकदम ओरडायले की कोणता कुठल्या अंगाला ते कानाला कळत नाही, म्हणून मी चार माइकचा चौकोन बनवला.

ईएसपी३२ बोर्ड (छोटा कॉम्प्युटरच) आन चार आयएनएमपी४४१ जातीचे बारके डिजिटल माइक घ्या, ५ सेंमी बाजूच्या चौकोनात कोपऱ्याला एकेक लावा. चारी माइक एकाच क्लॉकवर (वेळेच्या एकाच ठोक्यावर) पाहिजेत, वेगवेगळे यूएसबी माइक अजिबात लावू नका, कारण २५ डिग्रीला आवाज सेकंदाला ३४६ मीटर जातो म्हणजे ५ सेंमीला जेमतेम १४५ मायक्रोसेकंद, सेकंदाला ४८ हजार वेळा आवाज मोजला (सॅम्पल घेतले) तरी सातच सॅम्पल, तेवढ्यात सगळी दिशा बसवायची आहे. माइक लांब लांब लावावे वाटतात पण ५ सेंमीवरबी साधारण ३४०० हर्ट्झच्या वर फेज (लाट दोन माइकला किती पुढं-मागं पोचली ते) गोंधळतो, तेवढं वरचं सोडून द्या. ३०० च्या खालचंबी सोडा, तिथं वारं आन मोटारीची घरघर असते.

आता खरी गोष्ट. अख्ख्या रेकॉर्डिंगची एकच दिशा काढली तर तीन मोरांची मधलीच कायतरी येते, जिथं कोणीच नसतं. म्हणून आवाजाचे २०-२० मिलिसेकंदांचे तुकडे करा, प्रत्येकाचा एफएफटी (आवाजातल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करायचं गणित) घ्या. एका तुकड्यातल्या एका फ्रिक्वेन्सीवर बहुतेक वेळा एकाच मोराचा जोर असतो. तिथला फेजचा फरक बघून उभ्या जोडीचा उशीर आन आडव्या जोडीचा उशीर काढा, दोन्हीवरून कोन काढा (इथं आवाजाचा वेग कटून जातो, थंडी-ऊन बघायची गरज नाही), आन त्या कोनाला एक मत द्या. ५-५ डिग्रीचे खाने करून मतं मोजा, जितके उंचवटे तितके मोर. मला पहिल्यांदा ४० आन १८५ ला असे स्वच्छ दोन दिसले, लई भारी वाटलं!

तिसरा मात्र खोटा निघाला, गोठ्याच्या पत्र्यावरून परत आलेला आवाज होता तो. यावर उपाय असा की आवाज एकदम वाढतो त्या क्षणाचीच मतं धरा, सरळ आवाज आधी पोचतो, पत्र्याचा मागून येतो.

चालू करताना उत्तरेला कोणालातरी उभं करून टाळी वाजवायला लावा, आकडा ० नाही आला तर चौकोन फिरलाय नायतर माइकची वायरिंग उलटी झालीय.

अंतर मात्र यातून निघत नाही, त्याला २०-३० मीटरवर दुसरा चौकोन लागतो. दोन मोर असले की रेषा चार जागी कापतात, त्यातल्या दोन खोट्या, म्हणून मी आता बांधावर तिसरा चौकोन लावायलोय.