नव्या मटेरियलवर ट्रान्झिस्टर बनवताय? या चुका टाळा

दर पावसाळ्यात लॅबमधे नवीन पोरं येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, ग्राफीन, म्हणजे कार्बनचा एका अणूइतका पातळ थर, सिलिकॉनची जागा घेणार ना? अरे बाबांनो, ग्राफीनला बँडगॅपच नाही, इलेक्ट्रॉनला अडवणारी ऊर्जेची फटच नाही, म्हणजे स्विच नीट बंदच होत नाही, मग लॉजिक चिप कशी करणार? म्हणून तर लोक मॉलिब्डेनम डायसल्फाइडकडे वळले, एका थराची जाडी साधारण ०.६५ नॅनोमीटर आणि गॅप १.८ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास.

आता माझी लाडकी चूक, लाडकी कारण मी स्वतः केलीय. ब्लॅक फॉस्फरस, हाही असाच थराथरांचा पदार्थ, त्याचा झकास फ्लेक, म्हणजे पातळ कपचा, मिळाला होता, तीन आठवडे चिकट टेपने थर सोलून सोलून. ग्लोव्हबॉक्सला, म्हणजे बाहेरची हवा आणि ओलावा आत न येऊ देणाऱ्या बंद पेटीला, दोन दिवसांचं वेटिंग, मेटल टाकायचं मशीन दुसऱ्या लॅबमधे, म्हटलं एका रात्रीत काय होतंय. त्यात आधी अर्धा तास मायक्रोस्कोपच्या प्रखर लाइटखाली फोटो काढत बसलो. मग डबी झिपलॉकमधे, झिपलॉक सॅकमधे, दादरहून ठाणे स्लो पकडली, जुलैचा पाऊस, कुर्ल्याला रुळांवर पाणी, गाडी सायनच्या पुढे दीड तास उभी आणि मी सॅक पोटाशी धरून. सकाळी बघतो तर फ्लेकवर घामोळं उठल्यासारखे फुगे! ऑक्सिजन, ओलावा आणि उजेड एकत्र आले की फॉस्फरसचं ऑक्साइड होतं, त्याचं ॲसिड होतं आणि ते ॲसिड हवेतलं आणखी पाणी ओढून घेतं. झिपलॉक भजी नरम पडू नयेत म्हणून ठीक आहे.

तेव्हापासून माझं एकच, ग्लोव्हबॉक्सचा नंबर लागल्याशिवाय टेप उघडायची नाही, आणि आत असतानाच फ्लेकवर बोरॉन नायट्राइडच्या पातळ थराचं पांघरूण घालायचं, हवा लागू नये म्हणून. नवशिक्यांनी तर ब्लॅक फॉस्फरसच्या वाटेला जाऊच नये, आधी डायसल्फाइडवर हात बसवा. पण नाही, सगळ्यांना पहिल्याच सेमिस्टरला पेपर हवा.

दुसरी चूक कॉन्टॅक्टची, म्हणजे मेटल आणि मटेरियलच्या जोडाची. मोबिलिटी, म्हणजे इलेक्ट्रॉन किती सहज पळतात ते, कमी आली की पोरं मटेरियलला शिव्या देतात, खरं तर बराचसा व्होल्टेज मेटल जिथे टेकतं तिथेच खर्च झालेला असतो. दोन प्रोबवर मोजून निकाल देऊ नका, चार लावा, म्हणजे जोडाचा रेझिस्टन्स मोजमापात येत नाही, लेआउट करायला एक दिवस जास्त जातो, जाऊ दे. नेहमीचे मेटल लावले की गॅपमधे नको त्या स्टेट्स, म्हणजे इलेक्ट्रॉनसाठी ऊर्जेच्या जागा, तयार होतात आणि करंटच्या वाटेत अडथळा उभा राहतो. २०२१ मधे एमआयटी आणि तैवानची चिप कंपनी टीएसएमसी यांच्या लोकांनी डायसल्फाइडवर बिस्मथ धातू लावून जोडाचा हा रेझिस्टन्स १२३ ओहम-मायक्रोमीटरपर्यंत खाली आणला, म्हणजे दोष कुठे होता बघा.

बाकीच्या पटकन सांगतो. इंटेलने २००७ मधे ४५ नॅनोमीटरच्या चिपमधे ट्रान्झिस्टरच्या गेटखालचा इन्सुलेटर म्हणून हाफ्नियम ऑक्साइड आणलं म्हणून तुम्ही ते फ्लेकवर थेट चढवू नका, तिथे धरायला मोकळे बाँडच नसतात, ठिपके ठिपके वाढतात, आधी सीड लेयर, म्हणजे पकड देणारा पातळ थर, द्या. मायक्रोस्कोपखाली रंगावरून थर ओळखायचे तर फ्लेकखालच्या सिलिकॉनवरचं ऑक्साइड ९० किंवा ३०० नॅनोमीटरच्या जवळपास हवं. चिपचं '३ नॅनोमीटर' हे पिढीचं नाव आहे, पट्टी लावून मोजू नका.

आणि टेप. स्टेशनरीवाली चालते का असं दरवर्षी कोणीतरी विचारतंच. चालते, गाइम आणि नोवोसेलोव्ह या शास्त्रज्ञांनी २००४ मधे साध्या टेपनेच ग्राफीन सोललं होतं, पण तिचा गोंद फार मागे राहतो, म्हणून मी वेफर (सिलिकॉनची चकती) कापताना लावतात ती निळी टेप वापरतो. आणि ती बँडेड काढल्यासारखी खसकन ओढायची नाही, मी एका सोलण्याला अर्धा मिनिट घेतो.