मध, काकवी: ग्रॅमचे मिली करताना

100 ग्रॅम मध म्हणजे 100 मिली नव्हे. मध पाण्यापेक्षा जड असतो. 1 मिली मधाचं वजन साधारण 1.4 ग्रॅम भरतं. म्हणून ग्रॅमला 1.4 ने भागा, मिली मिळतील, मिलीला 1.4 ने गुणा, ग्रॅम मिळतील. 100 ग्रॅमसाठी सुमारे 70 मिली पुरे. कपाने 100 मिली ओतलात तर 140 ग्रॅम पडतो, आणि केक आतून शिजायच्या आधीच वरून करपायला लागतो.

5 मिलीच्या चमच्यात 7 ग्रॅम, 15 मिलीच्यात 21, 240 मिलीच्या कपात साधारण 340. हे मापाच्या चमच्यांचं झालं. घरातल्या पोह्याच्या चमच्यावर विसंबू नका, त्याचा आकार प्रत्येक घरी वेगळा.

काकवी कमीजास्त आटवलेली असते, त्यामुळे तिचा आकडा बदलतो. आपल्या बाटलीतली 100 मिली एकदा काट्यावर तोलून आकडा झाकणावर लिहून ठेवावा.

चमच्याला आधी तेलाचं बोट फिरवा, नाहीतर बराचसा मध चमच्यालाच चिकटून राहतो. त्याहून सोपं म्हणजे पातेलं काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि बाटलीतून थेट धार सोडायची.