सोप्यातली खिडकी आणि आजीचं कुंकू

साताऱ्याकडच्या आमच्या घरात सोप्याला उत्तरेकडे एकच खिडकी आहे. आजीचे कृष्णधवल फोटो मी तिथेच काढतो. उत्तरेच्या खिडकीतून सहसा ऊन येत नाही, नुसता आभाळाचा मऊ उजेड येतो. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मात्र आपल्याकडे भर दुपारीही सूर्य उत्तरेला कललेला असतो. तेव्हा उन्हाची तिरीप आलीच, तर खिडकीला जुनं पांढरं धोतर लावा. घरातले दिवे बंदच ठेवा.

माणसाला खिडकीपासून दोन-तीन फुटांवर बसवा, एक खांदा खिडकीकडे. मग चेहरा हळूहळू उजेडाकडे वळवायला सांगा आणि पलीकडच्या गालावर नजर ठेवा. नाकाची सावली गालाच्या सावलीला मिळाली, डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उरला, की तिथेच थांबवा. खिडकीच्या जितकं जवळ बसाल तितकी मागची भिंत काळी पडते. सावलीची बाजू आणखी गडद हवी असेल तर तिकडे काळं घोंगडं टांगा. पांढऱ्या भिंतीवरून परतणारा उजेड ते गिळून टाकतं. सुरकुत्या फारच कोरल्यासारख्या दिसल्या तर घोंगड्याच्या जागी धोतर धरा.

माझ्याकडे ५० मिमीची लेन्स आहे. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ८००, लेन्सचं छिद्र एफ/२.८, शटर १/१२५ सेकंद, इथून मी सुरुवात करतो. उजळ गाल पांढराफटक होता कामा नये, सावली काळी झाली तरी चालेल. मोबाइल असेल तर ब्यूटी मोड बंद करा, उजळ गालावर बोट टेकवा आणि उजेड थोडा खाली ओढा.

आता एडिटिंग ॲपमध्ये फोटोतला रंग काढून तो कृष्णधवल करणं. यात माझी एक चूक झाली होती. कॉन्ट्रास्ट छान दिसतो म्हणून मी लाल रंगाचा स्लायडर वर नेला आणि फोटो आजीला दाखवला. ती म्हणाली, "माझं कुंकू कुठं गेलं रे?" आजोबा शेजारीच बसले होते. लाल वर नेला की कुंकू उजळतं आणि कपाळात मिसळून जातं. तो खाली आणा, कुंकू ठसठशीत काळं उमटतं. ओठही थोडे गडद होतात, ते सांभाळा. नारिंगी वर नेला की सावळी त्वचा गोरी दिसते. कृपा करून तसं करू नका. सावळ्या चेहऱ्यावर खिडकीचा उजेड जी चमक आणतो, ती त्याने धुऊन जाते.

ग्रेन, म्हणजे फोटोवरचा बारीक रवाळपणा, सगळ्यात शेवटी, फोटो कापून चौकट ठरल्यावर. फिल्मवर ग्रेन म्हणजे डेव्हलप झालेल्या चांदीचे पुंजके. ते मधल्या करड्या छटांत जास्त दिसतात. म्हणून गालाच्या सावलीची कड बघून प्रमाण ठरवा. लाइटरूम या एडिटिंग ॲपमध्ये मी ग्रेनचं अमाउंट ३० च्या आसपास, साइज २५, रफनेस ५० ठेवतो. त्याआधी नॉइज रिडक्शन (फोटोतले ठिपके पुसणारी सोय) कमी करा, नाहीतर मेणासारख्या त्वचेवर वाळू भुरभुरल्यासारखं दिसतं. खरी फिल्म असेल तर एचपी५ प्लस ही कृष्णधवल फिल्म आयएसओ ४०० ऐवजी १६०० धरून उजेड मोजा आणि डेव्हलपिंगचा वेळ वाढवा. ग्रेन ठळक होईल, सावलीतला तपशील मात्र जाईल.

व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, एरवी ग्रेनचे डाग होतात. छापायचा असेल तर आधी फक्त डोळा आणि गालाचा तुकडा छापून घ्या, आणि तो खिडकीशी नेऊन हातभर अंतरावरून बघा.