कुकर फुटला, ऑपरेशन बिघडलं: दाद मागण्याआधी या चुका टाळा

माझ्या मावशीचा कुकर फुटला तेव्हा वरण छतापर्यंत उडालं होतं आणि तिचा डावा हात कोपरापर्यंत भाजला होता. आम्ही संध्याकाळी दवाखान्यातून परतलो, तर शेजारच्या काकूंनी ओटा लख्ख पुसून ठेवला होता. वाकलेलं झाकण, फाटलेली रिंग, शिट्टी, सगळं भंगारात गेलं होतं. त्यांनी मायेनं केलं, पण कंपनीचं उत्तर आलं ते एवढंच: वस्तू तपासायला द्या. द्यायला काहीच उरलं नव्हतं. त्यानंतर ओळखीतल्या अनेकांच्या तक्रारी लिहायला मी बसलो. बहुतेक प्रकरणं पहिल्या आठवड्यातच हातची जातात, आणि ती आपल्याच हातून जातात.

म्हणून फुटलेली, जळालेली वस्तू धुऊ नका, जोडू नका, टाकू नका. आहे तशी पिशवीत बांधून ठेवा. बॅच नंबर, आयएसआय चिन्ह आणि त्याखालचा लायसन्स नंबर यांचे जवळून फोटो काढा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष वस्तूमुळे इजा झाली तर उत्पादक आणि विक्रेता दोघांकडेही भरपाई मागता येते. दोष नुसत्या डोळ्यांना दिसत नसेल तर ग्राहक आयोग वस्तू सील करून प्रयोगशाळेत पाठवतो. कंपनीचा माणूस ‘तपासून आणतो’ म्हणाला तर लेखी पोच घेतल्याशिवाय वस्तू देऊ नका. अशी वस्तू परत येताना बदललेलीही असू शकते.

सेफ्टी व्हॉल्व्ह गेला की आपण बाजारातून मिळेल तो आणून बसवतो. इथे सावध राहा. वस्तूत फेरफार झाला असेल तर विक्रेत्याला कायद्यानंच सूट आहे, आणि उत्पादकही तोच मुद्दा पुढे करतो. मूळ कंपनीचाच भाग घ्या आणि त्याची पावती जपा. बिल हरवलं असेल तर यूपीआयची नोंद, वॉरंटी कार्ड, ऑनलाइन ऑर्डरचा मेसेजही उपयोगी पडतो.

दवाखान्याच्या प्रकरणात सगळं कागदांवर उभं राहतं. लोक डिस्चार्ज कार्ड घेऊन घरी येतात आणि तेवढ्यावर थांबतात. खरी गोष्ट असते ती आतल्या केस पेपरमध्ये: नर्सची नोंदवही, औषधांच्या वेळा, भूल देतानाची नोंद. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार पेशंटनं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं मागणी केल्यावर ही कागदपत्रं ७२ तासांत द्यावी लागतात. तोंडी मागू नका. अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. मागितलेले कागद दिलेच नाहीत, तर तो शिक्काही आयोगापुढे तुमच्या बाजूनं बोलतो.

कोऱ्या संमतिपत्रावर सही करू नका. एका महिलेची तपासणीसाठी संमती असताना, ती भुलेत असताना आईची परवानगी घेऊन गर्भाशय काढलं गेलं. सज्ञान पेशंटच्या जागी आईची संमती चालत नाही, असं सुप्रीम कोर्टानं २००८ मध्ये स्पष्ट केलं.

राग येणं स्वाभाविक आहे. पण काच फोडली किंवा डॉक्टरांच्या अंगावर धावून गेलात तर महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याखाली तुमच्यावरच अजामीनपात्र गुन्हा दाखल होतो आणि नुकसानीच्या दुप्पट रक्कम भरावी लागू शकते. ‘डॉक्टरला आत टाका’ हाही बहुतेक वेळा चुकीचा रस्ता ठरतो. फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा अत्यंत गंभीर असावा लागतो, हे सुप्रीम कोर्टानं २००५ मध्येच सांगितलंय. भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोगाकडे जा. सुप्रीम कोर्टाच्या १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालापासून पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात. जिथे सगळ्यांनाच उपचार मोफत मिळतात, तो सरकारी दवाखाना मात्र त्यात येत नाही.

तक्रारीत ‘डॉक्टर चुकले, पेशंट दगावला’ एवढंच लिहिलं तर ती टिकत नाही. पेशंट दगावला म्हणजे निष्काळजीपणा झालाच असं नसतं. काय करायला हवं होतं, ते कोणत्या वेळी झालं नाही आणि त्यामुळे काय बिघडलं, हे केस पेपरच्या पानासह लिहा. पोटात कापसाचा बोळा राहण्यासारखी उघड चूक असेल तर तज्ज्ञाच्या मताशिवायही भागू शकतं. एरवी त्याच शाखेच्या डॉक्टरचं लेखी मत मिळवा.

सगळ्यात जास्त घात होतो तो मुदतीत. तक्रारीला दोन वर्षं असतात. ‘साहेब बघतोय म्हणाले’ या आशेवर ईमेल करत राहिलं तरी मुदत वाढत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला म्हणजे केस दाखल झाली, असंही नाही. वस्तू किंवा सेवेला मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात जायचं, तेही तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या. ही रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तक्रार फेटाळली गेली तर आदेशाच्या तारखेपासून ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील करता येतं, म्हणून निकालाची प्रत त्याच आठवड्यात मागून घ्या.